भिंगरीचा गुडघा

सोफे दुरुस्त करणारी बाई म्हटलं की लोक आधी तिच्या मागं बघायचे, आत कुणी पुरुष आहे का म्हणून. आत्याला या बघण्याचा इतका वीट आला होता की गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ती आपणहून सांगून टाकायची, "मागं कुणी नाही. जे काय आहे ते मीच आहे. सोफ्याचं बोला."

मागं तसा तिचा धाकटा भाऊ असायचा, पण असून नसल्यासारखा. दिवसभरात त्याच्या तोंडातून जेवढे शब्द निघायचे तेवढे एका मुठीत मावले असते. बोळातली माणसं त्याला घुम्या म्हणायची आणि तो त्या नावाला ओ द्यायचा, म्हणजे नुसती मान हलवायचा. सांगाडा ठोकणं, पट्टे ताणणं, स्प्रिंगा बांधणं हे घुम्याचं काम. मापं घेणं, कापड बेतणं, मशीनवर शिवणं, गिऱ्हाइकाशी भांडणं आणि भांडून झालं की त्यालाच चहा पाजणं हे आत्याचं. खरं तर ती आत्या एकाच पोरीची, घुम्याच्या लेकीची. पण त्या पोरीच्या हाका एवढ्या मोठ्या की सगळा बोळच तिला आत्या म्हणायला लागला. समोरची इस्त्रीवाली वयानं तिच्याहून चार वर्षं मोठीच असेल, तीसुद्धा आत्याच म्हणायची.

आत्याचं लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर "शिवण चांगली होती, कापड ताणाला कमी पडलं," एवढं सांगून ती कात्री उचलायची. कात्री उचलली की माणूस पुढचं विचारायचा नाही.

धंदा बापाचा. बापानं दोन्ही पोरांना दाभण धरायला शिकवलं ते एकाच दिवशी, आणि टोचून घ्यायलाही त्याच दिवशी. दुकानाचा एक कायदा होता: कापलं तर रडायचं नाही, सोल्युशन लावायचं. सोल्युशन म्हणजे फोम चिकटवायचा तो पिवळा, चिवट, डोक्यात जाणाऱ्या वासाचा पदार्थ. बोट कापलं की बाप दोन बोटांनी जखम मिटवायचा, वरून सोल्युशनचा हात फिरवायचा, फूऽ करून फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "झालं, चल लाग कामाला." आणि व्हायचंही. बापाचं तसंच निभावलं, आत्याचं निभावलं, घुम्याचंही. त्यांच्या हाताची कातडी अशी झाली होती की दाभण टोचावं तर दाभणानंच विचार करावा. त्यामुळं डॉक्टर हा प्राणी या घराण्यात फक्त मरायला टेकल्यावर बोलवायचा असतो, असा समज पक्का झाला होता.

या घराण्यात भिंगरी जन्माला आली. सहा वर्षांची. जागेवर ठरेल तर शपथ. आई औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात पाळीवर जायची, म्हणून शाळा सुटली की पोरगी दुकानात. दुकानात तिचा एक हक्क होता: उसवलेल्या सोफ्याच्या सांदीत जे काही सापडेल ते भिंगरीचं. पेन्सिलींचे तुकडे, बटणं, कंगव्याचे दात, एकदा तर कुणाची तरी दाढ. ती दाढ तिनं वर्गात नेऊन दाखवली आणि बाईंनी चिठ्ठी पाठवली. तेव्हापासून आत्याला शाळेचाही राग होता.

तर त्या दुपारी घुम्या एक जुना तीन माणसांचा सोफा उसवत होता. गिऱ्हाईक संध्याकाळी न्यायला येणार. खरं म्हणजे ते आदल्या दिवशीच येणार होतं, आणि आत्यानं त्याला "कापड आकसलंय" असली काहीतरी थाप मारून परत पाठवलं होतं. म्हणून आज दुकानात सगळ्यांच्या शेपटीला आग लागलेली. घुम्या पक्कडीनं कापड ठोकलेल्या स्टेपलरच्या गंजक्या पिना उपटत होता, काही डब्यात पडत होत्या, काही जमिनीवर. भिंगरी उसवलेल्या कापडाच्या ढिगावर गुडघे टेकून सोफ्याच्या सांदीत हात घालून बसली होती.

"ऊठ तिथून. पिना आहेत."

"हो."

"हो काय? ऊठ म्हटलं ना!"

"उठतेय ना आत्या, काहीतरी लागलंय हाताला. गोटी आहे बहुतेक."

लागलं ते गुडघ्याला. पोरीनं जी किंकाळी फोडली ती ऐकून इस्त्रीवाली गरम इस्त्री हातात घेऊनच बाहेर आली. घुम्यानं पिन उपटून काढली. गुडघ्याच्या वाटीच्या कडेला एक लाल टिपका, त्याखाली बोटभर ओरखडा. बस्स, एवढंच. रक्त म्हणावं तर डासालाही पुरणार नाही.

"एवढ्यासाठी आख्खा बोळ गोळा केलास?" आत्या म्हणाली. तिनं फडक्यानं गुडघा पुसला, दोन बोटांनी ओरखडा मिटवला आणि डब्यात बोट बुडवून वरून सोल्युशन फिरवलं. फूऽ. "झालं. आता तू पण कारागीर झालीस."

कारागीर म्हटल्याबरोबर रडं थांबलं. भिंगरी गुडघा पुढं करून इस्त्रीवालीला दाखवून आली. सोफा वेळेत गेला. आत्याच्या लेखी तो दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी पोरगी लंगडायला लागली.

आता या लंगडण्याचा इतिहास होता. मागं एकदा शाळेत जायचं नाही म्हणून भिंगरी सकाळी उजव्या पायानं लंगडली होती आणि दूध पिऊन झाल्यावर डाव्या. तेव्हापासून तिच्या लंगडण्यावर घरात कुणाचा भरवसा नव्हता. आत्यानं मशीनवरून मान वर न करता म्हटलं, "आज कुठला पाय आहे ते एकदा ठरवून घे, नाहीतर दुपारी विसरशील."

"खरंच दुखतंय आत्या. ठण्‌ ठण्‌ करतंय."

"करू दे. थकलं की थांबेल."

ते थकलं नाही. त्याच्या पुढच्या सकाळी गुडघा पिकल्या टोमॅटोसारखा लाल, वर ताणलेला, हात लावला तर चटका बसावा असा. अंगात ताप. मधोमध सोल्युशनचा पिवळा पापुद्रा तस्साच घट्ट चिकटलेला. माल चांगला होता, त्यात शंका नाही. त्या दोन दिवसांत पाळ्यांमुळं मायलेकींची धड गाठही पडली नव्हती; रात्रपाळी करून आलेली भावजय अंगावरची ओढणीही न काढता पोरीजवळ बसली.

"वन्सं, डॉक्टरकडे नेऊया हिला."

"नेऊया की. मी कुठं नाही म्हणतेय? पण आल्या आल्या एकदम डोक्यावर नको बसूस."

"आणि हे गुडघ्यावर चमकतंय काय?"

"खपली असेल," आत्या म्हणाली. पटकन म्हणाली. खोटं बोलायला तिला एरवी वेळ लागायचा नाही, पण ते गिऱ्हाइकांशी, घरात नाही. तोंडातून गेलं ते गेलं. आता डॉक्टरनं ते पिवळं बघितलं तर? म्हणेल, अडाणी बाई, पोरीला डिंक लावला. आणि ही भावजय! आधीच तिचं म्हणणं, पोरगी दुकानात नको, शेजारी पाळणाघर निघालंय तिथं ठेवू. तिच्या हातात आयतं कोलीत.

भावजय तोंड धुवायला गेली तेवढ्यात आत्यानं धंद्यातली अक्कल लावली. कापडावर सोल्युशन सांडलं तर काय करतात? थिनर. तिनं चिंधीला थिनर लावून गुडघा खसाखसा पुसला. पापुद्रा निघाला. त्याच्याबरोबर पोरीचा आवाजही असा निघाला की घुम्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं चिंधी बघितली, बहिणीकडं बघितलं.

"काय बघतोस? रिक्षा बघ जाऊन!"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे ही गर्दी. त्यांनी चष्मा वर करून गुडघा बघितला. कातडी थिनरनं सोलवटून लालभडक झालेली.

"काही केमिकल लागलं का याला?"

"आमच्या दुकानात असतंच की," भावजय म्हणाली. "पोरगी तिथंच असते दिवसभर. मी किती वेळा सांगितलं..."

"त्यानंच चरचरलंय हे. पडली-बिडली होती का?"

भावजयीनं आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "शाळेत पडली असेल. पोरं पडतातच."

भिंगरीनं तोंड उघडलं. आत्यानं तिच्याकडं असं बघितलं की पोरीनं ते मिटलं. डॉक्टरांनी मलम दिलं, तापाचं औषध दिलं, नाही उतरलं तर परत या म्हणाले. बाहेर आल्यावर आत्या सगळ्या जगावर चिडलेली होती. रिक्षावाल्यावर, कारण तो थांबला नाही. मलमावर, कारण त्याला वास नव्हता, आणि ज्याला वास नाही ते औषध कसलं? इस्त्रीवालीवर, कारण ती म्हणाली, "आत्या, तुम्ही त्या दिवशी काहीतरी लावलं होतं ना?"

"तुमच्या इस्त्रीखाली कुणाचा तरी सदरा जळतोय, तिकडं बघा," आत्या म्हणाली. आणि खरंच जळत होता.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. हे तर हत्तीवर बसून आलं. सकाळपर्यंत जांघेत सुपारीएवढी अवधाणाची गाठ आली. गुडघ्यापासून मांडीवर एक लाल रेघ वर चढत निघाली, कुणी लाल पेन्सिलीनं ओढावी तशी. पण आत्याचं काळीज हललं ते रेघेनं नाही. ती जवळ गेली तेव्हा भिंगरी डोळे उघडे ठेवून गप्प पडली होती. पाणी हवंय का, नुसती मान. दुखतंय का, नुसती मान. जन्मल्यापासून ती पोरगी एवढा वेळ गप्प बसली नव्हती. घुम्याची लेक शोभायला लागली होती.

"उचल तिला," आत्या भावाला म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात."

मोठ्या दवाखान्यात माणसापेक्षा माणसाची चौकशी जास्त. पहिल्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, काय झालं? भावजय म्हणाली, शाळेत पडली. आत बसलेल्या नर्सनं विचारलं, कसं लागलं? शाळेत पडली. पोरगेला दिसणारा एक डॉक्टर आला, त्यानं पेनानं गुडघ्याभोवतीच्या लालीवर कड आखली, रेघ जिथवर चढली होती तिथं खूण केली आणि विचारलं, कशानं झालं हे?

"शाळेत पडली हो," भावजय म्हणाली. झोप नव्हती, पोटात काही नव्हतं, आवाज फाटलेला. "मातीत."

माती आता कुठून आली? एक थाप आत्यानं मारली होती, लहानशी. ती आता या टेबलावरून त्या टेबलावर जात होती आणि प्रत्येक ठिकाणी तिला नवं काहीतरी चिकटत होतं. पुढच्या टेबलापर्यंत शाळेची घसरगुंडी आणि मास्तरणीचं दुर्लक्षही येणार होतं. तिला भावजयीचा राग आला. एकच गोष्ट किती वेळा सांगायची माणसानं? आणि विचारणाऱ्यांचा आला. एकदा लिहून घेता येत नाही यांना? स्वतःचा राग येत होता तोही तिनं या दोघांच्याच खाती टाकला.

मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. उंच, केस आखूड कापलेले, बोलणं तुटक. त्यांनी गुडघ्याच्या बाजूनं हलकेच दाबलं. भिंगरी कण्हली.

"आत पू झालाय. चीर देऊन काढावा लागेल, आजच. सांध्यात उतरला असेल तर गुडघा आखडू शकतो, आणि रक्तात पसरलं तर त्याहून वाईट. हे मी घाबरवायला सांगत नाही. मातीतली साधी जखम होती ना? आत काही घुसलं नव्हतं?"

"नाही," भावजय म्हणाली. "साधीच."

"बरं. मग वरून चीर देऊन साफ करू."

तेवढ्यात भिंतीला टेकलेला घुम्या हलला. त्यानं घसा साफ केला. "ताई..." तो म्हणाला. त्या दिवसातला त्याचा पहिला शब्द.

"तू गप!" आत्या कडाडली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. "जन्मभर गप राहिलास आणि आता तोंड उघडतोस होय? मला काय वाचा नाही? मीच सांगते." ती डॉक्टरीणबाईंकडं वळली, भांडायला निघाल्यासारखी, कमरेवर हात ठेवून. "शाळेत नाही पडली. शाळेचा काही संबंध नाही. दुकानात सोफ्याची गंजकी पिन गुडघ्यात गेली. मी वरून सोल्युशन लावलं. फोम चिकटवतो ते. आम्ही सगळे लावतो. नंतर तुम्ही लोक हसाल म्हणून ते थिनरनं पुसलं. ते लाल झालं ते थिनरनं. झालं समाधान? लिहा आता काय लिहायचं ते."

कुणी हसलं नाही. हसले असते तर आत्याला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "पिन पूर्ण निघाली होती?"

"निघाली म्हणजे... यानं उपटली. मी कुठं बघत बसले?"

सगळे घुम्याकडं बघायला लागले. घुम्यानं आपल्या चपलांकडं बघितलं.

"एकच पाय होता," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"पिनेचा. दोन असतात. एक मोडलेला होता."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" आत्या ओरडली. "तेव्हा काय तोंडात खिळे होते?"

"होते," घुम्या म्हणाला. खरंच असायचे, उसवताना शाबूत निघालेले खिळे तो ओठातच धरायचा. "आणि मला वाटलं, आधीच मोडलेली असेल. मग तू लगेच लावून टाकलंस."

डॉक्टरीणबाईंनी या बहीणभावांचा निकाल लागायची वाट बघितली नाही. फोटो काढायला सांगितला. काळ्या फोटोत पोरीची हाडं दुधासारखी पांढरी आणि वाटीच्या कडेला, आतल्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी एक लख्ख रेघ. "वरून साफ केलं असतं तर हे आतच राहिलं असतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा पिकलं असतं. आता नेमकं ठाऊक आहे कुठं जायचं." एवढं बोलून त्या निघून गेल्या. आत्या तयारीत होती, पण कुणी तिला एक शब्दही लावला नाही.

भिंगरीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर तिघं. आत्या मधे बसली होती, ती उठून कडेला गेली. भावजयीनं मान वळवली नाही. तिनं समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हटलं, "वन्सं, तुम्ही सोल्युशन लावलंत, ते मी गिळलं असतं. तुमचे हात तसेच आहेत, त्याला तुम्ही तरी काय करणार? पण मी दर दारात उभं राहून खोटं बोलत होते. आई म्हणून बोलत होते. लोक माझ्यावर विश्वास ठेवत होते."

आत्या चपलेत पाय घालून अर्धवट उठली. ती म्हणाली, "चहा आणू?"

"नको."

"बरं."

घुम्या उठला आणि तिघांना चहा घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. भावजयीनं घेतला. आत्यानंही घेतला, आणि तो पाणचट निघाला म्हणून तिला जरा हायसं वाटलं. कुरकुरायला काहीतरी मिळालं.

तुकडा निघाला. पू निघाला. ताप मात्र उतरायला तयार नव्हता; चढायचा, दमायचा, परत चढायचा. पेनानं आखलेल्या कडेच्या आत लाली मागं सरते का हे बघायला आत्या दिवसभर खाटेच्या पायथ्याशी बसायची. नर्स येऊन म्हणायची, "बाई, तुम्ही सारखं पांघरूण उचलू नका." आत्या म्हणायची, "मग तुम्ही उचला." शेवटी लाली कडेपासून बोटभर मागं हटली तेव्हा आत्यानंच नर्सला हाताला धरून आणून दाखवली. नर्स म्हणाली, "मी सकाळीच बघितलंय ते." त्यावरही दोघींची जुंपली. पाळणाघराचं नाव भावजयीनं पुन्हा काढलं, तेव्हा आत्यानं फक्त विचारलं, "किती वाजता सोडायचं तिथं?" आणि दुकानात एकटीच जाऊन सगळी फरशी लोहचुंबकानं झाडून काढली. तरी ती पाळणाघराच्या बाईंना भेटून आलीच, आणि बाईंना टाचण्या कुठं ठेवता, कात्र्या कुठं ठेवता, असं विचारून हैराण करून आलीच.

भिंगरी मात्र ताप उतरला तशी बोलायला लागली, ती मागची सगळी थकबाकी वसूल करत. वॉर्डातल्या प्रत्येकाला तिनं पिनेची गोष्ट सांगितली. एक गोष्ट तेवढी ती करत नव्हती. गुडघा वाकवत नव्हती.

"वाकवायला पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज थोडा थोडा. आता नाही वाकवला तर असाच ताठ राहील. दुखेल, ओरडेल. तरी वाकवायचा."

भावजयीनं प्रयत्न केला. पोरगी किंचाळली, आईनं सोडून दिलं. पुन्हा धरला, पुन्हा सोडला, आणि पोरीबरोबर स्वतःच रडायला बसली. घुम्यानं पाय हातात घेतला आणि तसाच धरून उभा राहिला, कुणी पुढचं सांगेल म्हणून वाट बघत.

"अरे, ती काय पताका आहे धरून उभं राहायला?" आत्या म्हणाली. पण स्वतः जागची हलली नाही. दवाखान्यात आल्यापासून तिनं त्या गुडघ्याला हात लावला नव्हता. बघायची फक्त.

भावजयीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि एकदम वैतागून म्हणाली, "वन्सं, बसलात काय नुसत्या? धरा की पाय! मी वर मांडी धरते. माझ्याच्यानं नाही होत. तुमचा हात जड आहे, तुमच्यानं होईल. ती शिव्या देईल, त्या तुम्हीच खा."

आत्या उठली. तिनं हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, पदराला नाही तर दवाखान्याच्या कोरड्या कापडाला पुसले. एक पंजा घोट्याखाली, एक पोटरीखाली.

"नको आत्या! तू नको! तू वाईट आहेस!"

"आहेच. वाकव."

"आईगंऽऽ! सोड! तू दुष्ट आहेस!"

"तेही आहे. वाकव. अजून."

वॉर्डातली माणसं बघायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्यानं कानावर उशी घेतली. भावजयीनं डोळे मिटून मांडी घट्ट धरून ठेवली होती आणि आत्या, रेक्झिन कोपऱ्यावर ताणताना जसा हळू, न थांबता, न झटकता ओढ द्यायची तसा, तो पाय मागं नेत होती. घामानं तिचं तोंड चमकत होतं.

"कुठवर?" भिंगरी हुंदक्यातून ओरडली. "कुठवर वाकवायचाय?"

"टाच ढुंगणाला लागेपर्यंत."

पोरगी रडता रडता थबकली. "ढुंगणाला?" आणि ओल्या नाकातून फुर्रकन हसू फुटलं. हसली तेवढ्यात पाय सैल पडला आणि गुडघा आणखी थोडा गेला. ते तिच्या लक्षात आलं, तसा तिनं दुप्पट मोठा गळा काढला.

"रड," आत्या म्हणाली, "पण पाय ताठ करू नकोस."